हिवाळ्यात केळीची राखण : प्रथम कंद, मग पान

मार्गशीर्ष-पौषाची थंडी रब्बीच्या शेतकऱ्यास हवीहवीशी वाटते. गव्हाला फुटवे चांगले येतात, हरभरा जोमाने वाढतो आणि पहाटेचे दहिवर पिकाच्या कामी येते. परंतु त्याच शिवारात, बांधापलीकडे केळीची बाग उभी असेल तर तिच्या धन्यास हीच थंडी धास्ती घालते. तापीकाठच्या रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांत सातपुड्याकडून उत्तरेचे कोरडे वारे वाहू लागले की केळीची नवी पाने निघण्याचे मंदावते, पोंगा आखडतो, पानांच्या कडा पिवळ्या पडून पुढे करपतात आणि घडावरील फळे फुगेनाशी होतात. खानदेशातील बागायतदार यास ‘चरका बसला’ असे म्हणतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु तिचे मूळचे उष्ण व दमट हवेचे वळण त्यामुळे बदललेले नाही. केळ ही आग्नेय आशियातील उष्ण, ओलसर अरण्यांची रहिवासी. खानदेशात ती माणसाच्या कष्टांवर आणि विहिरीच्या पाण्यावर नांदते, आणि वर्षातील सुमारे दोन महिने तिच्या प्रकृतीस न मानवणाऱ्या हवेत काढते.

हे दोन महिने तिला सुखरूप पार पाडावयाचे तर प्रथम थंडीने केळीच्या झाडाचे नेमके काय बिघडते ते पाहिले पाहिजे. कारण पुष्कळ ठिकाणी उपाय होतात, खर्चही होतो, पण ते पानासाठी होतात. झाडाचा जीव जेथे असतो तेथे कोणाचे लक्ष नसते.

केळीची वाढ साधारणतः २६ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात उत्तम होते. ऊबदार व ओलसर दिवसांत आठवडाभरात एक नवे पान बाहेर पडते. रात्रीचे तापमान १६ अंशांच्या खाली जाऊ लागले की हा वेग मंदावतो आणि कडक थंडीत एका पानास पंधरा ते वीस दिवस लागतात. पारा १० अंशांच्या आसपास उतरला म्हणजे वाढ जवळजवळ थांबते. येथपर्यंतचे नुकसान हे केवळ वेळेचे नुकसान होय. कापणी काही आठवडे लांबते, इतकेच. १० अंशांखाली मात्र पेशींच्या पडद्यांना इजा होऊ लागते, मुळे अन्न व पाणी नीट उचलीत नाहीत आणि पान पिवळे पडते. फळाच्या बाबतीत मर्यादा याहून वरची आहे. तापमान १३ अंशांच्या खाली काही काळ राहिल्यास सालीच्या आतील बाजूस तपकिरी रेषा उमटतात. असे फळ पिकताना सोनेरी न होता मळकट पिवळे होते आणि बाजारात मागे पडते. तापमान शून्यावर येऊन दव गोठले तर पान उकडल्यासारखे काळे पडते. अशी पाळी महाराष्ट्राच्या मैदानी भागात क्वचितच येते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या परिसरात मात्र गोठलेले दवबिंदू अनेक हिवाळ्यांत दिसतात.

झाडाचे मर्मस्थान

प्रत्येक वनस्पतीत वाढीचा एक कोंब असतो. आंब्यास किंवा लिंबास असे कोंब शेकड्यांनी असतात. एक फांदी जळाली तर दुसरी फुटते. नारळ, सुपारी, शिंदी यांसारख्या ताडवर्गीय झाडांस मात्र शेंड्याच्या गाभ्यात दडलेला एकच कोंब असतो. तो गेला की नारळाचे झाड उभ्या उभ्या मरते. म्हणून थंड देशांत हौसेने ताड लावणारे माळी पानांची फारशी पर्वा करीत नाहीत, शेंड्याचा गाभा तेवढा जपतात.

या माळ्यांच्या अनुभवात केळीच्या बागायतदारासही शिकण्याजोगे काही आहे. काही ताड बर्फही सोसतात. आपल्या देशात कुमाऊंच्या डोंगरात, पिठोरागढजवळील थल केदारच्या परिसरात, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आणि त्याहूनही वर एक रानटी ताड वाढतो. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. त्याचाच भाऊबंद असलेला चिनी ताड रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिसंग्राहकाने १८४९ साली चीनमधून लंडनच्या क्यू उद्यानाकडे पाठविला. आज युरोपातील कित्येक थंड गावांच्या बागांत तो उभा आहे. स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागात तर तो जंगलात इतका पसरला की २०२४ च्या सप्टेंबरपासून तेथे त्याच्या विक्रीस बंदी करण्यात आली. पूर्ण वाढलेला हा ताड शून्याखाली दहा-बारा अंशांपर्यंतची थंडी सोसतो. तरीही कोवळ्या रोपाच्या बाबतीत तेथील माळी तीन गोष्टी कटाक्षाने पाळतात. रोप उन्हाळ्याच्या आरंभी लावावयाचे, म्हणजे हिवाळ्यापूर्वी मुळे धरतात. बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावयाचा. आणि शेंड्याच्या गाभ्यात पावसाचे पाणी साचू द्यावयाचे नाही, कारण कोरडी थंडी सोसणारा कोंब भिजून गोठला म्हणजे कुजतो. ही शेवटची गोष्ट अनुभवाने कळलेली आहे. थंडीपेक्षा थंडी आणि ओल यांची जोडी अधिक मारक असते.

जपानात क्योतो येथील निजो किल्ल्याच्या बागेत सायकसची जुनी झाडे आहेत. दर हिवाळ्याच्या तोंडी तेथील माळी ती भाताच्या पेंढ्याने बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बांधून काढतात आणि वसंत ऋतूत उघडतात. काम इतके नेटके असते की लोक ते पाहावयास येतात.

पण केळीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण केळीचेच आहे. जपानी केळ म्हणून ओळखली जाणारी एक जात तंतूंसाठी व शोभेसाठी लावली जाते. तिची फळे खाण्याजोगी नसतात. प्रख्यात जपानी कवी बाशो यांनी आपल्या झोपडीपाशी लावलेल्या याच केळीवरून टोपणनाव घेतले होते. ही जात इंग्लंडसारख्या देशात उघड्या जमिनीत हिवाळा काढते. पहिल्या हिमतुषाराने पाने काळी पडली की माळी ती कापून टाकतात, खोडाभोवती जाळीचा पिंजरा करून त्यात कोरडा पेंढा ठासतात आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून वर झाकण घालतात. ज्यांस इतके करणे जमत नाही ते खोडाचा नाद सोडून कंदावर वीतभराहून जाड पाल्याचा ढीग रचतात. खोड मरते, परंतु वसंतात कंदातून नवे पील वर येते.

केळ आणि ताड यांतील भेद येथे स्पष्ट होतो. केळीचे खोड म्हणून जे दिसते ते पानांच्या देठांची एकावर एक बसलेली गुंडाळी होय. वाढीचा खरा कोंब आरंभीच्या महिन्यांत जमिनीलगत, कंदाच्या माथ्यावर असतो. मातीने व खोडाच्या थरांनी तो झाकलेला असल्यामुळे हवा थंड झाली तरी त्यास सहसा धक्का लागत नाही. पुढे झाड फुलावर येण्याच्या सुमारास हाच कोंब केळफुलाचे रूप घेऊन खोडाच्या पोकळीतून वर चढू लागतो. या अवस्थेत त्यास थंडी लागली तर फण्या कमी पडतात, दांडा आखूड राहतो आणि घड पूर्ण बाहेर न पडता शेंड्याच्या गळ्यात अडकतो. बागायतदार यास ‘घड अडकला’ म्हणतात. यावरून असे दिसून येईल की, चार पाने करपलेली चार महिन्यांची बाग आणि पाने वरवर हिरवी असलेली, पण पोटात केळफूल चढत असलेली बाग या दोहोंत दुसरीची काळजी अधिक केली पाहिजे. प्रत्यक्षात मात्र शेतकरी करपलेल्या बागेकडे धावतो.

लागवडीच्या वेळीच हिवाळा मोजावा

खानदेशात जून-जुलैमध्ये लावलेल्या बागेस मृग बाग व ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या बागेस कांदे बाग म्हणतात. जुन्या पद्धतीने कंद लावून केलेली बसराईची मृग बाग नऊ-दहा महिन्यांनी निसवत असे. म्हणजे तोवर थंडी सरलेली असे. ऊतिसंवर्धित ग्रँड नैन जातीची रोपे सुमारे सात महिन्यांतच निसवू लागतात. जूनच्या आरंभी लावलेल्या अशा बागेत केळफूल डिसेंबर-जानेवारीत, ऐन थंडीत, वर चढत असते. रोप बदलले, पण लागवडीची तारीख जुन्या हिशेबानेच धरली गेली, आणि घड अडकल्याच्या तक्रारींचे एक मूळ येथे आहे. ज्यांची जमीन सखल आहे किंवा ज्यांच्या शिवारात दरवर्षी थंडी अधिक जाणवते, त्यांनी ऊतिसंवर्धित रोपांची लागवड जुलैच्या उत्तरार्धाकडे ढकलणे हितावह ठरते. कांदे बागेचा हिशेब उलटा आहे. तेथे रोप जितके लवकर, म्हणजे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात लागेल, तितकी त्याची मुळे थंडीपूर्वी धरतात. नोव्हेंबरअखेरीस लावलेले कोवळे रोप दोन महिने जागच्या जागी बसून राहते आणि त्यातील काही मरतातही. अशा रोपांवर बांबूच्या कामट्यांच्या आधाराने पांढऱ्या न विणलेल्या कापडाचे आच्छादन, ज्यास बाजारात क्रॉप कव्हर म्हणतात, रात्रीपुरते घालावे. रोपाला कापड टेकू देऊ नये, आणि ऊन चढल्यावर ते बाजूस सारावे.

थंडी शेतात कशी उतरते

दिवसा सूर्याच्या उष्णतेने जमीन तापते; रात्री ती हीच उष्णता आकाशाकडे परत टाकते. ढग असले तर त्यांतील बराच भाग खाली परततो. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर उष्णता निघून जाते, जमीन व पाने झपाट्याने निवतात आणि त्यांना चिकटलेली हवाही थंड होते. थंड हवा जड असल्याने ती पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन नाल्याकाठी, सखल तुकड्यात आणि बांधाच्या आडोशास साचते. एकाच गावात माळावरील बाग सुरक्षित राहते आणि नाल्याकाठची बाग चरक्याने पिवळी होते त्याचे कारण हेच. अशा रात्री उघड्या पानाचे तापमान सभोवतालच्या हवेपेक्षाही एक-दोन अंशांनी कमी असते. शहरातील हवामान केंद्राने ९ अंश नोंदविले म्हणून नाल्याकाठच्या केळीस ९ अंशच लाभले असे समजू नये. सर्वांत कडक थंडी मध्यरात्री नसून सूर्योदयाच्या थोडी आधी असते. यास्तव जो काही उपाय करावयाचा तो या घटकेसाठी करावा.

दुसऱ्या प्रकारची थंडी वाऱ्याबरोबर येते. ती सखल-उंच असा भेद करीत नाही. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे वारा अडविणे. बागेच्या उत्तर व पश्चिम कडेस शेवरी किंवा गजराज गवताच्या दाट ओळी पावसाळ्यातच लावून ठेवाव्यात. ज्यांनी त्या लावलेल्या नाहीत त्यांनी निदान उत्तरेकडे हिरव्या जाळीचे कापड अगर तुऱ्हाट्यांचा ताटवा उभारावा. मात्र उताराच्या खालच्या अंगाचे कुंपण इतके घट्ट नसावे की त्यामागे थंड हवा कोंडून राहील. खाली फट ठेवावी.

पाणी

थंडीत बागेस पाणी द्यावे हा सल्ला सर्वांच्या तोंडी आहे, पण त्यामागील कारण कळले तर पाणी केव्हा व कोणते द्यावे हेही कळते. विहिरीचे पाणी हिवाळ्याच्या पहाटे हाताला कोमट लागते, कारण खोलवरच्या मातीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. एका हेक्टरवर २५ मिलिमीटर पाणी दिले तर ते अडीच लाख लिटर होते. ते १० अंशांनी निवताना २५ लाख किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकते. सुमारे सातशे किलो वाळलेले लाकूड जाळल्यासारखे हे आहे. ही सारी ऊब काही पानांस मिळत नाही, परंतु ती जमिनीलगत, कंदापाशी आणि बागेच्या सर्व भागांत सारखी सुटते, हा तिचा मोठा गुण होय. याशिवाय ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते आणि रात्री ती वर पोहोचविते. कोरडी, भेगाळलेली जमीन यातले काहीच करीत नाही.

यावरून व्यवहार असा ठरतो : थंडीची लाट येणार असे कळताच आदल्या दिवशी जमीन ओलावून घ्यावी आणि कडक रात्रीचे पाणी उत्तररात्री सुरू करून सूर्योदयापर्यंत चालू ठेवावे. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे ताजे पाणी घ्यावे. उघड्या शेततळ्यातील पाणी रात्रीच्या हवेने वरून निवलेले असते, त्यापासून तितका लाभ होत नाही. शेतीच्या विजेची पाळी दिवसाची असेल तर संध्याकाळी उशिरापर्यंत जमीन भिजवून घेण्यावाचून गत्यंतर नाही. पाने भिजविणारे तुषार सिंचन मात्र अशा रात्री टाळावे. कोरड्या हवेत भिजलेले पान बाष्पीभवनाने उलट अधिक निवते.

ठिबक संचाविषयी एक गैरसमज आढळतो. हेक्टरी ४,४४४ झाडांच्या बागेत झाडागणिक ताशी ४ लिटरची एक तोटी तीन तास चालली तर सुमारे ५३ हजार लिटर पाणी पडते. म्हणजे वरील अडीच लाख लिटरच्या पाचव्या हिश्शाइतकेच. ठिबकने कंद व मुळे राखली जातात आणि मुख्य काम तेच आहे. पण साऱ्या बागेची हवा त्याने उबदार होईल अशी अपेक्षा धरू नये. आणि ऊब मिळावी म्हणून दररोज भरमसाट पाणी देणे तर घातकच. थंडीत केळ पाणी कमी पिते. चिकण काळ्या जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि थंडीने न मेलेली मुळे कुजून मरतात. ताडाच्या माळ्यांनी सांगितलेली थंडी-ओलीची जोडी ती हीच.

धूर आणि शेकोटी

पहाटे बागेच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करण्याची चाल जुनी आहे. तिच्यात तथ्य आहे, पण ते धुरात कमी आणि आगीत अधिक आहे. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांनी फारशी अडत नाही. ढगासारखे काम धूर करीत नाही. शिवाय सकाळी तो तसाच रेंगाळला तर कोवळे ऊन अडवितो आणि बाग उशिरा तापते. म्हणून ओला पाला टाकून नुसता दाट धूर काढण्यापेक्षा पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या यांच्या लहान लहान शेकोट्या बागेच्या उत्तर कडेने व मधल्या मोकळ्या पट्ट्यांत ठिकठिकाणी कराव्यात. एक मोठी आगटी करू नये. तिची गरम हवा वेगाने सरळ वर निघून जाते आणि बाजूची थंड हवा बागेत ओढली जाते. पहाटे तीनच्या सुमारास पेटवून सूर्योदयापर्यंत शेकोट्या धुमसत ठेवाव्यात. वारा सुटलेल्या रात्री हा खटाटोप व्यर्थ होय. लोंबणारी वाळकी पाने आणि ठिबकच्या नळ्या शेकोटीजवळ नाहीत हे पाहावे; थंडीपासून बाग वाचविताना तिला आग लागण्याचे प्रसंग घडतात. टायर व प्लॅस्टिक जाळणे सर्वथा वर्ज्य समजावे.

आच्छादन, खत व घड

कंदाभोवती पाचट, सोयाबीनचा भुसा किंवा केळीचीच निरोगी वाळकी पाने यांचा थर दिल्याने मुळांचे थंडीपासून रक्षण होते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जमीन उबदार ठेवणारा हाच कोरडा थर जमिनीतील ऊब वर पानांकडे जाऊ देत नाही. म्हणून साऱ्या बागेत सरसकट जाड आच्छादन करण्याऐवजी ते झाडाच्या बुंध्याभोवती द्यावे आणि ओळींमधील जमीन तणमुक्त, मोकळी व ओलसर राहू द्यावी. झाडागणिक पाव ते अर्धा किलो निंबोळी पेंड बुंध्याभोवती मातीत मिसळावी. नत्राचा मोठा हप्ता ऐन थंडीत देण्याने लाभ नाही. मुळे तो उचलीत नाहीत आणि जी काही वाढ होते ती कोवळी व नाजूक असते. पालाशाची मात्रा मात्र वेळच्या वेळी पूर्ण झालेली असावी.

निसवलेल्या बागेत घड झाकणे सर्वांत महत्त्वाचे. पांढऱ्या, थोड्या छिद्रांच्या पिशव्या घडावर दांड्यापासून घालून खालचे तोंड मोकळे ठेवावे. उन्हाळ्यात लागतात तितकी छिद्रे हिवाळी पिशवीस नकोत. पिशवी न मिळाल्यास वाळक्या पानांनी घड व दांडा लपेटण्याची जुनी पद्धतही उपयोगी पडते. दांडा उघडा ठेवू नये, कारण घडाचे सारे अन्न त्यातूनच जाते.

वाळकी पाने काढावीत की ठेवावीत हा प्रश्न नेहमी विचारला जातो. लोंबती पाने खोडास गोधडीसारखी ऊब देतात हे खरे. परंतु दहिवराच्या दिवसांत करपा रोग याच पानांवरून वर चढतो. करप्याचे ठिपके असलेली पाने काढून बागेबाहेर नेऊन नष्ट करावीत. केवळ वयाने वाळलेली निरोगी पाने थंडी सरेपर्यंत राहू दिली तरी चालतात.

चरका बसल्यानंतर

लाट ओसरल्यावर आठवड्याभरात बाग भेसूर दिसू लागते, आणि नेमक्या याच वेळी शेतकरी घाईने निर्णय घेतो. बाग उपटून दुसरे पीक घ्यावे असा विचार होतो, कोणी भारी औषधे फवारतो. अशा वेळी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यासमवेत बागेत जाऊन आधी कंदाचा जीव तपासावा. न निसवलेल्या, लहान वयाच्या बागेत चार-दोन ठिकाणची झाडे नमुन्यासाठी निवडून त्यांचे खोड गुडघ्याच्या उंचीवर धारदार विळ्याने आडवे कापावे. गाभा पांढरा व रसरशीत असेल आणि एक-दोन दिवसांत मधला कोंब कापलेल्या पातळीच्या वर सरकलेला दिसला, तर कंद जिवंत आहे असे निश्चित समजावे. गाभा तपकिरी, पाणचट व दुर्गंधीयुक्त असेल तर ते झाड गेले. निम्म्याहून अधिक नमुने जिवंत निघाले तर बाग ठेवण्यातच हित आहे. ऊन वाढताच महिनाभरात तिला नवी पाने येतात.

अर्धवट करपलेली पाने लगेच छाटू नयेत. हिरवा राहिलेला भाग अद्याप अन्न तयार करीत असतो, आणि दुसरी लाट आलीच तर ती पाने खालच्या भागास आडोसा देतात. तापमान वाढून नवा पोंगा उलगडू लागला की मग हलके पाणी, त्यानंतर नत्र व पालाशाचा हप्ता असा क्रम ठेवावा. निसवलेल्या झाडांचा विचार निराळा. घड नीट भरण्यास निसवणीच्या वेळी किमान आठ निरोगी पाने लागतात. चरक्याने तीन-चारच उरली असतील तर शेवटच्या फण्या काढून घड हलका करावा. घड गळ्यात अडकला असेल आणि दांडा वाकडा झाला असेल, तर त्या झाडावर खर्च न करता त्याच्या बुडाशी असलेले, तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचे एक जोमदार पील राखावे व बाकीची काढावीत. थंडीच्या पट्ट्यातील बागायतदाराने नोव्हेंबरपासूनच झाडागणिक असे एक पील राखून ठेवणे शहाणपणाचे आहे. कंद जिवंत असला म्हणजे पिलाच्या रूपाने पुढचे पीक हाती लागते.

खानदेशात पपईही हीच थंडी सोसते, आणि तिला तर कंदाचाही आधार नाही. ताडाप्रमाणे तिचा मुख्य कोंब शेंड्याशी असतो. म्हणून सखल जमिनीत, जेथे केळ दर दोन-तीन वर्षांनी चरका खाते, तेथे पपई लावूच नये.

राहिला नुकसानभरपाईचा प्रश्न. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी किमान तापमानाचा धोका धरला जातो. विशिष्ट मुदतीत, विशिष्ट मर्यादेपेक्षा खाली, सलग काही दिवस तापमान राहिले तरच भरपाई देय होते आणि तापमानाची नोंद महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावरील धरली जाते; शेतकऱ्याच्या शेतातील नव्हे. मर्यादा, मुदत व हप्ता त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहून कार्यकर्त्यांनी दिवाळीच्या आधीच गावाच्या फलकावर लिहावे. मंडळाचे केंद्र माळावर आणि बागा नाल्याकाठी अशी स्थिती असलेल्या गावांत विमा काढूनही भरपाई न मिळण्याचा संभव असतो, हे शेतकऱ्यास आधीच सांगून ठेवावे. अशा गावांत किमान तापमानदर्शक दोन साधे तापमापक, एक सखल बागेत व एक उंचवट्यावरील बागेत, छातीइतक्या उंचीवर सावलीत टांगावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंत दररोज सकाळी त्यांची नोंद वहीत करावी. दोन-तीन हिवाळ्यांच्या नोंदी जमल्या की कोणत्या तुकड्यात मृग बाग केव्हा लावावी, शेकोटीची सामग्री कोठे रचून ठेवावी आणि कोणत्या तुकड्यात केळीऐवजी हरभराच बरा, हे त्या वहीवरूनच ठरविता येते.